उमेदवाराची रोजकीर्द

परगावी शिक्षणासाठी निघालेल्या मुलाची पेटी भरताना घरातील मंडळी काय काय आठवणीने घालतात, हे वाचकांना निराळे सांगावयास नको. चिवड्याचा डबा, लोणच्याची बरणी, तापाच्या गोळ्या, पांघरूण आणि अगदी निघताना आजीने हातात कोंबलेली शंभराची नोट. या साऱ्या सरंजामाच्या तळाशी महाविद्यालयाने दिलेली एक छापील वहीही असते. पहिल्या पानावर विद्यार्थ्याचे व कारखान्याचे नाव. आत प्रत्येक दिवसासाठी एक पान. पानाच्या शेवटी पर्यवेक्षकाच्या सहीसाठी सोडलेली जागा. हिला कोणी लॉगबुक म्हणतात, कोणी नोंदवही, कोणी दैनंदिनी. तिच्याकडे घरातील कोणाचे लक्ष जात नाही आणि खरे सांगावयाचे तर मुलाचेही जात नाही. कारण ही वही प्रशिक्षण संपण्याच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरून काढावयाची असते, हे ज्ञान त्याला आधीच्या तुकडीकडून वारशाने मिळालेले असते.

प्रस्तुत लेख त्या वहीविषयी आहे. विषय किरकोळ वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता. परंतु गेल्या उन्हाळ्यात याच वहीपायी आमच्या घरात एक सबंध रात्र कोणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हापासून मी तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागले आहे, आणि ज्यांची मुले-मुली पुढेमागे अशा प्रशिक्षणास जाणार आहेत, त्या वाचकांसमोर ती हकीकत ठेवणे मला अगत्याचे वाटते.

माझ्या थोरल्या बहिणीचे घर अमळनेरला. तिचा मुलगा खानदेशातील एका तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेत आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्याला सहा आठवडे एखाद्या कारखान्यात काढावयाचे होते, आणि ओळखीतून जागा मिळाली ती थेट बंगळुरूस, सर्जापूर रोडला फुटणाऱ्या एका गल्लीत. हा रस्ता कोरमंगलाच्या बाजूने निघतो, इब्लूरचा चौक ओलांडतो आणि कैकोंद्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे मागे टाकीत आनेकल तालुक्यातील सर्जापूरला पोहोचतो. गावे म्हणावयाची ती केवळ नावापुरती. आता दोन्ही बाजूंस उंच इमारती, मध्ये तळी आणि त्या सर्वांमधून मुंगीच्या पावलाने सरकणारी मोटारींची रांग.

अमळनेरच्या माणसाला मात्र हा रस्ता अगदीच परका नाही. दोड्डकन्नेल्ली येथे ज्या विप्रो कंपनीचे मुख्यालय आहे, तिचा जन्म अमळनेरचा. २९ डिसेंबर १९४५ रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या नावाने ही कंपनी नोंदली गेली आणि अमळनेरच्या कारखान्यात वनस्पती तूप व पुढे साबण तयार होऊ लागला. १९६६ साली वडिलांच्या निधनामुळे अझीम प्रेमजी यांना अमेरिकेतील शिक्षण सोडून परतावे लागले, तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. तेलाच्या घाण्यापासून संगणकापर्यंतचा हा प्रवास अमळनेरकर मोठ्या अभिमानाने सांगतात; कित्येक घरांत त्या कंपनीचे शेअर पिढीजात दागिन्यासारखे जपलेले आहेत. उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. म्हैसूर प्रांतात जन्मलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यातून अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सेवेत रुजू झाले आणि नोकरीच्या आरंभीच खानदेशातील धुळे भागात कामावर गेले. तेव्हा आमच्या भाच्याच्या आधी या वाटेवर बरीच वर्दळ होऊन गेलेली आहे.

त्याला मिळालेला कारखाना मात्र नावाजलेला वगैरे नव्हता. पंधरा-वीस माणसांचा, पत्र्याच्या छपराचा. पाण्याच्या पंपांसाठी आणि लहान यंत्रांसाठी विजेची नियंत्रण-पॅनल तेथे बनतात. लोखंडी पेटीत रिले, कॉन्टॅक्टर, एमसीबी बसवावयाचे, त्यांच्यात नकाशाप्रमाणे तारा जोडावयाच्या, प्रत्येक तारेच्या टोकावर क्रमांकाची नळी चढवावयाची, लग दाबून बसवावयाचा आणि स्क्रू आवळावयाचा. काम साधे दिसते. पण एका पॅनलमध्ये शेकडो टोके असतात, आणि त्यांतील एक सैल राहिले तरी पंप बसतो.

तसेच झाले. भाचा रुजू झाल्यावर तीन आठवड्यांनी एक पॅनल तक्रारीसह परत आले. त्यातील कॉन्टॅक्टर चालू करताच खडखडाट करी. (कॉन्टॅक्टर म्हणजे विजेच्या जोराने ओढला जाणारा मोठा खटका. त्याच्या वेटोळ्याला वीज अखंड मिळाली नाही, तर तो धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, आणि थोड्याच वेळात त्याचे तोंड जळते.) उघडून पाहता दोष सापडला. वेटोळ्याकडे जाणाऱ्या तारेचा लग उघड्या तांब्यावर न बसता तारेच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर दाबला गेला होता. नवशिक्याच्या हातून नेहमी होणारी ही चूक. त्या पॅनलवर तिघांनी काम केले होते. तिघांत नवशिका एकच.

कारखान्याचे फोरमन वयाने मोठे, कमी बोलणारे गृहस्थ. सारे त्यांना 'अण्णा' म्हणत. हा शब्द कन्नडमध्ये आणि मराठीत सारखाच आदराचा असल्याने भाच्याला तेवढा एक आधार वाटे. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच म्हटले, "तुझी वही आण." वही आणली. तीत पहिल्या दोन आठवड्यांच्या पानांवर कमीअधिक फरकाने एकच वाक्य होते : 'पॅनल वायरिंगचे काम केले. बरेच शिकावयास मिळाले.' पुढची पाने कोरी. अण्णांनी ती चाळली, मिटली आणि परत दिली. मोडक्यातोडक्या हिंदीत ते म्हणाले, "यात तू कुठेच नाहीस."

त्या रात्री साडेदहाला भाच्याचा मला फोन आला. "मावशी, मी केलं की नाही हे मलाच आठवत नाही गं," असे तो म्हणाला, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत वाईट गोष्ट हीच होती. चूक त्याची असती तर त्याने ती कबूल केली असती. त्याची नसती तर तसे सांगितले असते. दोहोंपैकी काहीच त्याला करता येईना. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळाले नाही तर सत्र वाया जाणार, ही भीती वेगळीच. बंगळुरूतील खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे बहिणीने भिशीतून उचलले होते. तिकडे अमळनेरला तिचा आणि मेहुण्यांचा रात्रभर विचार चालला होता, की मुलाला परत बोलावून घ्यावे की काय.

पुढे कोणाला शिक्षा झाली नाही. दुरुस्तीचा व जाण्यायेण्याचा खर्च कारखान्याने सोसला आणि प्रकरण मिटले. भाचा सुटला, परंतु निर्दोष ठरला नाही. त्या तारेपाशी त्या दिवशी कोणाचा हात होता, हे आजही कोणास ठाऊक नाही.

योगायोगाने त्याच पंधरवड्यात कार्यालयीन कामासाठी मला बंगळुरूस जावे लागले. रविवारी सर्जापूर रोडवरच्या एका उपाहारगृहात आम्ही ती वही समोर ठेवून तीन तास बसलो. मी कला शाखेची पदवीधर. तारा आणि लग यांतले मला काय कळणार? पण रोज दुसऱ्याचे लिखाण वाचून त्यात कोठे अर्थ आहे आणि कोठे नुसती जागा भरली आहे हे पाहणे, हा माझा व्यवसायच आहे. त्या नात्याने मी एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारू लागले. 'काम केले' — कोणते? कोणत्या पॅनलवर? त्याला क्रमांक असेल ना? किती तारा? तार कोणत्या जाडीची? हत्यार कोणते? तपासले कोणी, आणि कसे? 'बरेच शिकावयास मिळाले' — त्यांतील एक गोष्ट सांग. प्रत्येक प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर होते, आणि चांगले उत्तर होते. ते वहीत मात्र नव्हते.

का नव्हते, हे विचारता जे कळले ते पालकांनी लक्षात घेण्यासारखे आहे. वही इंग्रजीत लिहावयाची असते. मुलाचे शिक्षण मराठीत झालेले. कारखान्यात बोलणे कन्नड आणि हिंदीत. दिवसभर हातांनी केलेले काम रात्री इंग्रजीत सांगावयाचे म्हटले की शब्द अडतात, आणि अडलेला माणूस जे वाक्य बिनचूक येते तेच पुन्हा पुन्हा लिहितो. आळस थोडा होता, नाही असे नाही. पण खरी अडचण भाषेची होती. यावर मी त्याला माझ्या धंद्यातला उपाय सांगितला. अनुवादक कधी कोऱ्या मनाने परभाषेत लिहावयास बसत नाही. आधी मूळ मजकूर हाती असावा लागतो. तेव्हा खिशात एक छोटी वही ठेवावी आणि तीत कामाच्या जागी, उभ्याउभ्या, मराठीत लिहावे. शब्द तुटक असले तरी चालतील, कागदाला तेलाचे डाग पडले तरी चालतील. रात्री खोलीवर आल्यावर त्यावरून छापील वहीत इंग्रजीत उतरवावे. स्क्रू, लग, टर्मिनल हे शब्द दोन्हीकडे सारखेच; मग उरतात ती साधी क्रियापदे.

आपल्याकडील व्यापारी मंडळींना ही पद्धत नवी नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा माणूस व्यवहार होताच कच्च्या वहीत टिपतो, दिवसअखेर त्यावरून रोजकीर्द लिहितो आणि रोजकीर्दीवरून सवडीने खतावणी होते. रोजकीर्दीत दिवसाचा क्रम असतो, खतावणीत खात्याचा. प्रशिक्षणाच्या वहीतही आठवड्याच्या शेवटी अशी एक खतावणी घालावी, असे आम्ही ठरविले : या आठवड्यात तारजोडणीचे किती काम झाले, तपासणीचे किती, कोणता प्रश्न सुटला आणि कोणता तसाच राहिला. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांना आमचा हा वर्ग इतका आवडला, की त्यांनी आपल्या मुलीसाठी म्हणून ते पान फोनमध्ये टिपून घेतले.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जाणारा विद्यार्थी वेगळा आणि शिकाऊ उमेदवार वेगळा; बोलताना आपण दोघांना एकच समजतो. शिकाऊ उमेदवाराचा कारखान्याशी करार झालेला असतो आणि त्याला १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम लागू होतो. त्यातील १८ वे कलम उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असे सांगते. १९ वे कलम त्याच्या प्रगतीची नोंद ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकते. आणि कामावर दुखापत झाल्यास भरपाई देण्याचे दायित्व १६ व्या कलमात आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविका घेतलेल्या अभियंत्यांनाही या अधिनियमात स्थान मिळाले. अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यावर मात्र वहीची जबाबदारी त्याची स्वतःची असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आंतरवासितेविषयीच्या धोरणातही विद्यार्थ्याने रोजची दैनंदिनी ठेवावी, असे सांगितलेले आहे. दोघांपैकी कोणीही असो, किती वाजता आत गेलो, किती वाजता बाहेर पडलो, काही लागले-खुपले काय, हे ज्याने त्या त्या दिवशी लिहिलेले असते, त्याच्यापाशी गरज पडल्यास दाखवावयास काहीतरी असते. मुलींच्या पालकांनी तर पाळीच्या वेळांची नोंद चुकू देऊ नये, असे माझे मत आहे.

'लॉग' हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकीत. दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे छोटे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या, ते मोजून तो आकडा लगेच वहीत लिहीत. जहाजाचा वेग आजही 'नॉट' म्हणजे गाठीतच सांगतात. समुद्रावर खूण धरावयास काही नसते. कोठे आहोत हे ठरविण्यासाठी कोणत्या दिशेने, किती वेगाने, किती वेळ आलो याचाच हिशेब करावा लागे. चार तासांची नोंद राहिली तर ती नंतर आठवून भरण्यात अर्थ नसे. आठवून भरलेला आकडा खडकावर नेऊ शके.

वही कशी ठेवावी याचा याहून मोठा नमुना हवा असेल तर तो मायकेल फॅरडे यांचा. चौदाव्या वर्षी लंडनमधील एका पुस्तक-बांधणाऱ्याकडे ते उमेदवार म्हणून लागले आणि सात वर्षे तेथे राहिले. बांधावयास आलेली पुस्तके वाचून विज्ञानाकडे वळले. पुढे प्रयोगशाळेत आल्यावर त्यांनी चार दशके आपल्या प्रयोगांची रोजनिशी ठेवली. तीतील परिच्छेदांना ते क्रमांक देत, आणि ही क्रमवारी सोळा हजारांच्या पुढे गेली. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून त्यांनी केलेला प्रयोग त्या रोजनिशीत आहे. आज ज्यावर जगातील रोहित्रे चालतात ते तत्त्व तेथे प्रथम दिसले. पण मला अधिक मोलाची वाटतात ती फसलेल्या प्रयोगांची पाने. १८४९ साली गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा काही संबंध आहे काय, हे शोधण्याचा त्यांनी प्रयत्न केला. हाती काही लागले नाही. काही लागले नाही हेही त्यांनी तितक्याच बारकाईने लिहून ठेवले आणि प्रसिद्धही केले.

सर्जापूर रोडवर प्रशिक्षणास येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळशी संगणकाच्या कामासाठी येतात, तारा जोडण्यासाठी नव्हे. त्यांची अशी समजूत असते, की यंत्र स्वतःच सर्व नोंदी ठेवीत असल्यामुळे आपल्याला लिहिण्याचे कारण उरलेले नाही. यंत्र काय बदलले आणि केव्हा बदलले हे लिहिते; का बदलले, कोणता दुसरा उपाय आधी करून पाहिला आणि तो का सोडला, हे लिहिणे माणसाकडेच राहते. संगणकाच्या धंद्यातील एक प्रसिद्ध वस्तू म्हणजे अशीच एक नोंदवही आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्डच्या 'मार्क टू' या अवाढव्य संगणकाच्या एका रिलेमध्ये पतंग अडकून काम थांबले. चालकांनी तो पतंग काढला, वहीच्या पानावर चिकटपट्टीने चिकटवला, दुपारी पावणेचारची वेळ घातली आणि खरोखरीचा किडा सापडल्याचे हे पहिलेच उदाहरण, अशा अर्थाची थट्टेची ओळ खाली लिहिली. दोषाला किडा म्हणण्याची रूढी त्याआधीच होती, म्हणून तर थट्टा. ते पान पतंगासह वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

एक पथ्य मात्र सांगितले पाहिजे. वही प्रामाणिक असावी म्हणून तीत सर्वच काही लिहू नये. कारखान्याचे नकाशे उतरवून घेणे, गिऱ्हाइकांची नावे, किंमती, संगणकाचे परवलीचे शब्द, यांपैकी काहीही वहीत येता कामा नये. ती वही महाविद्यालयात चार हातांतून फिरते. शंका आली तर आधी विचारावे. आकृती स्वतःच्या हाताने, स्वतःला समजली तशी काढावी. चुकलेला शब्द एका रेघेने खोडावा, म्हणजे खालचे वाचता येते. पांढरे द्रव्य फासून झाकू नये, आणि पान तर कधीच फाडू नये.

हे शेवटचे सांगणे सोपे होते. पाळणे भाच्याच्या वाट्याला आले. चौथ्या आठवड्यात त्याने वहीत जी नोंद केली ती, त्याच्या परवानगीने, मूळ मराठी टिपणावरून येथे देते :

'मंगळवार. सकाळी ९-३० ते १२-४५. पंपाचे स्टार्टर पॅनल. नियंत्रणाच्या ४० तारा, जाडी दीड चौरस मिलिमीटर. सर्व टोकांना लग दाबले. अण्णांनी ओढून पाहण्यास सांगितले. तीन लग हातात आले. कारण : लग अडीचचे होते. दोन्ही खोकी एकाच फळीवर. मी चिठ्ठी वाचली नाही. चूक माझी. सर्व टोके कापून दीडचे लग लावले. लागलेला वेळ दोन तास दहा मिनिटे. पुन्हा ओढून पाहिले. एकही निघाला नाही. ३८ तारा जुन्या, दोन आखूड पडल्याने नव्या. प्रश्न : किती जोराने ओढावयाचे, याचे काही माप असते काय?'

(माप असते. तारेच्या जाडीप्रमाणे ते ठरलेले आहे, हे त्याला दोन दिवसांनी कळले आणि त्याने तेही लिहिले.)

संध्याकाळी अण्णांनी ते पान बराच वेळ वाचले. सही केली आणि समासात लाल पेन्सिलीने कन्नडमध्ये दोन ओळी लिहिल्या. भाच्याला कन्नड वाचता येत नव्हते. ओळी लाल रंगात असल्यामुळे ते बोलणे रागाचेच असणार असे समजून त्याने अर्थ विचारला नाही, आणि अण्णांनीही सांगितला नाही.

प्रशिक्षण संपले, प्रमाणपत्र मिळाले. घरी परतल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. वर्गातील मित्रांनी वही पाहून कपाळाला हात लावला. स्वतःच्या चुकीचा पुरावा कोणी स्वतः लिहून ठेवतो काय, आणि तोही लाल शेऱ्यासकट! एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने नवी कोरी वही आणून दिली आणि सबंध मजकूर 'फेअर' करून घे, सह्यांचे बघून घेऊ, असे सुचविले. मेहुण्यांनाही तेच बरे वाटत होते. बापाच्या जिवाला मुलाचे गुण कमी होऊ नयेत असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. बहीण मला फोनवर म्हणाली, "तूच त्याच्या डोक्यात हे भरवलंस, आता तूच सांग." मी काय सांगणार? वही त्याची होती. नवी वही दोन दिवस टेबलावर पडून राहिली. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्यात गणिताचा गृहपाठ सुरू केला.

तोंडी परीक्षेस बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही मधूनच कोठेतरी उघडली, तेव्हा लाल अक्षरांमुळे नेमके तेच पान उघडले गेले. पुढील दहा मिनिटे त्याच पानावर प्रश्न झाले : सैल लगमुळे टोक गरम का होते, आवरणावर दाबलेला लग वरून ओळखता येतो काय, तपासणी उत्पादनाच्या आधी करावी की नंतर. एका प्रश्नाचे उत्तर त्याला आले नाही. गुण बरे मिळाले. वर्गात पहिला वगैरे तो आला नाही. शेवटी परीक्षकांनी समासाकडे बोट दाखवून विचारले, की हे काय लिहिले आहे? भाच्याने ठाऊक नसल्याचे सांगितले. "सहा आठवडे तेथे होता आणि विचारले नाही?" एवढे म्हणून त्यांनी वही परत दिली.

त्याच संध्याकाळी त्याने त्या पानाचे छायाचित्र मला पाठविले. आमच्या मासिकाच्या कन्नड आवृत्तीचे काम पाहणारे सहकारी माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात. त्यांनी चष्मा वर करून त्या दोन ओळी वाचल्या आणि हसून मला मराठीत समजतील अशा सांगितल्या. पहिली ओळ अशी होती, की माझ्याकडूनही पहिल्या वर्षी हेच झाले होते. दुसरी अशी, की लगची दोन्ही खोकी आजपासून वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवली आहेत.